मागे घर नसलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. पण माझ्या मागे घर नाही, अंगण नाही, उंबऱ्याशी वाट पाहणारे कोणी नाही. मी रेडिओच्या स्टुडिओतले दार. जाड पाटावर उभी केलेली चौकट, तिच्यात माझी अरुंद फळी, एक कडी, एक बोल्ट आणि एक घंटा. नाटकात कोणी येणार असले की मला वाजवायचे, उघडायचे, लावायचे. ऐकणाऱ्यांना वाटे, खरेच कोणी घरात आले.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. फळ्या मोडक्या कपाटाच्या, बिजागऱ्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या, कडी कुठल्याशा गोदामाची. "दिसायला ध्यान आहे," मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "पण आवाज ऐका, खानदानी!" रेडिओत रूप कोण विचारतो? मी लगेच कामाला लागले.

मला सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे खटखटमामा म्हणत. पावलांचे, पाण्याचे, भांड्यांचे आवाज तेच काढत. आमच्याकडून दर आठवड्याला एका कुटुंबाची मालिका थेट प्रसारित होई. ती लिहिणारी तरुण मुलगी म्हणजे लेखिकाबाई. आणि त्या मालिकेत शेजारीण, शिंपीण, नर्स, भांडकुदळ आत्या, जी कोणी दोन वाक्यांपुरती येई, तिची भूमिका एकच वयस्कर नटी करी. तिला सारे मावशी म्हणत. एक मामा, एक मावशी, आणि दोघांचे नाते सख्ख्या भांडणाचे.

सुरुवातीला लेखिकाबाईची सगळी माया नायिकेवर. नायिकेच्या उसाशालासुद्धा अर्धे पान. बाकीच्यांसाठी मात्र एवढेच लिहिलेले असे : शेजारीण येते, निरोप देते, जाते. मामा माझ्यावर तीनदा टकटक करत, मावशी वाक्य म्हणे, झाले. मी उघडे आणि मिटे. कोण आले होते ते मलाही कळत नसे.

एकदा तालमीला मावशी हातातला कागद हलवत म्हणाली, "पोरी, ही शेजारीण येते कुठून?"

"शेजारून, मावशी. शेजारीण आहे ना ती!"

"ते कळलं गं. पण हातातलं काय टाकून आली? गॅसवर दूध असेल तर घाईत वाजवेल. नवऱ्याशी भांडून आली असेल तर बिचाऱ्या दारावर राग काढेल."

"अहो, एकच तर वाक्य आहे तिला!"

"वाक्य एक असेल. बाई तर आख्खी आहे ना?"

लेखिकाबाई फणकाऱ्याने निघून गेली. पण शब्द रुतले असावेत. पुढच्या तालमीला ती सगळ्यांच्या आधी आली, माझ्या बाहेरच्या अंगाला उभी राहिली, आणि स्वतःच मला वाजवू लागली. एकदा बोटांनी, एकदा तळव्याने, एकदा नुसती नखे घासून. प्रत्येकदा डोळे मिटून स्वतःला विचारायची, 'कोण आहे मी?' उत्तर मिळाले की खाली बसून लिहायची.

मित्रांनो, मग माझ्याकडे माणसे येऊ लागली. वीजमीटर बघणारा आला. त्याला कधीतरी कुत्रा चावला होता, म्हणून तो वाजवून दोन पावले मागे सरकायचा. घरमालक आला, तो वाजवायचाच नाही, आधी कडी चाचपून बघायचा. एक नर्स आली, वारलेल्या रोग्याचा चष्मा परत द्यायला. तिने एकदाच टकटक केली आणि हात मागे घेतला. कोणी ऐकले नसेल तर बरे, असे तिला वाटत होते. तिचे वाक्य होते, "हा राहिला होता." तेवढेच. पण नियंत्रण कक्षात काचेपलीकडे बसणारे आमचे साहेब, जे कधी कशाने हलत नसत, त्यांनीही त्या दिवशी स्वतःचा चष्मा काढून हातात धरला होता.

मावशीला अर्थात मोकळे रान मिळाले. "माप घ्यायला आलेय," एवढे एकच वाक्य असलेल्या शिंपिणीला तिने तीन मुली दिल्या, दुखरा गुडघा दिला, खोकला दिला. आणि नायिका रडत असताना ती थेट प्रसारणात खोकत राहिली.

"मावशी, तुमच्या शिंपिणीनं माझ्या नायिकेचं रडणं खाल्लं!"

"मग तिनं जरा जोरात रडायचं!"

मामा म्हणाले, "त्यापेक्षा शिंपिणीलाच दवाखान्यात पोचवू. आवाज मी काढतो."

लेखिकाबाई हसली नाही. मावशीचा हात धरून तिने माझ्यावर ठेवला. "आख्खं घर घेऊन या, मावशी. मुली, गुडघा, सगळं. पण ते इथं दाराबाहेर ठेवा. आत फक्त वाक्य आणा. बाहेर काय ठेवलंय ते त्या वाक्यातूनच कळलं पाहिजे."

मावशी गप्प झाली. तिला पटले की ती गप्प होई. आणि तिला पटणे फार क्वचित घडे. त्यानंतर आपली पाळी येईपर्यंत ती मला टेकून गुणगुणायची :

*कोण गं दारी आली, कुठलं तिचं गाव,*
*दोन शब्दांच्या बाईला असू दे गं ठाव.*

वर्षे अशी गेली. किती जणी माझ्यापाशी आपापली घरे ठेवून आत गेल्या!

मग मावशीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती वाळक्या पानासारखी कुजबुज, माइकला न पेलणारी. साहेबांनी तिच्या जागी दुसरी नटी बघायला सांगितले. मावशी तरीही तालमीला यायची आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसायची.

"घरी आराम करायचा की," मामा म्हणाले.

"भिंतींशी किती बोलू?" ती कुजबुजली. "मेल्या उत्तरच देत नाहीत."

लेखिकाबाईने ते ऐकले. त्या आठवड्यात तिने मला पुष्कळदा वाजवले, आणि शेवटी साहेबांपुढे नवा भाग ठेवला. नायिकेचे वडील गेले आहेत. ती दिवसचे दिवस खाटेवरून उठत नाही. एक शेजारीण रोज वाटी घेऊन येते, जवळ बसते, जाते. शेजारणीला वाचा नाही.

"रेडिओवर मुकं पात्र?" साहेब म्हणाले. "अहो मॅडम, ही तर कोरड्या विहिरीत पोहण्याची स्पर्धा झाली!"

"एक भाग करू द्या, साहेब."

"एकच. फसला तर मावशींचं नाव कायमचं कमी होईल. मग माझ्याकडे यायचं नाही."

स्टुलावरून मावशीने होकाराची मान हलवली.

प्रसारणाचा दिवस आला. आदल्या दिवशी स्टुडिओची रंगरंगोटी झाली होती आणि रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात मलाही जाड तेलरंग फासला होता. मी नवरीसारखे चकाकत होते. वरून रंग सुकला होता, पण फटीत भरलेल्या रंगाने मला चौकटीला चिकटवून टाकले होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

मामांनी खडीच्या खोक्यात पावले वाजवली : थकलेली, एक पाय ओढणारी. मावशीने मला वाजवले. हळू, पण न डगमगता. वाटीतले सांडू नये म्हणून एकाच हाताने वाजवावे, तसे.

"कोण आहे? दार उघडंच आहे," नायिका माइकमध्ये म्हणाली. ती मोठी नामवंत नटी. इतक्या वर्षांत आत कोण येते हे तिने कधी वळून पाहिले नव्हते. तिचे डोळे कागदावर, ओठ माइकपाशी.

मावशीने मला ढकलले. मी हलले नाही. तिने पुन्हा ढकलले. मी माझे सगळे बळ लावले, मित्रांनो, पण दाराला बळ असते ते दुसऱ्याच्या हाताचे. मामांनी खांदा लावायला पाऊल उचलले, पण खडी करकरली तसे ते जागीच थिजले. शेजारीण तर एकटीच आली होती ना! हवेवर, ऐकणाऱ्यांपर्यंत, नुसती शांतता गेली. काचेपलीकडे साहेब उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा फिरवला : संपवा, संगीत लावा.

मावशीला हाक मारता येत नव्हती. ती घाबरली होती. हे मलाच ठाऊक. पण तिने आणखी धक्का दिला नाही. तिने मला पुन्हा वाजवले. तीच शेजारीण, तीच वाटी, तोच एक हात. फक्त या वेळी त्यात विनवणी होती.

आणि नायिकेने मान वर केली. कागद खाली ठेवला. तिची पावले माझ्याकडे आली. खरीखुरी पावले, मामांची नव्हेत. तिने आतून माझी कडी धरली, एक पाय चौकटीला लावला आणि ओढले. चर्रकन रंग फाटला. मी उघडले.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. नायिका मावशीकडे बघत राहिली. मग कुठेच लिहिलेले नव्हते ते तिच्या तोंडून निघाले, इतक्या आतून की माइक दूर असूनही पोचले : "ये. किती दिवसांनी उठले मी."

मावशीने वाटी ठेवली. तो चिनीमातीचा इवलासा आवाज आणि दोघींचे श्वास, एवढेच गेले हवेवर. लेखिकाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने अशी शेजारीण लिहिली होती. पण शेजारणीसाठी नायिकेने उठावे, हे तिलाही सुचले नव्हते.

नंतर साहेब बाहेर आले. माझ्या फाटलेल्या रंगावरून बोट फिरवत लेखिकाबाईला म्हणाले, "पुढच्या भागात ही शेजारीण येते केव्हा?"

मावशी पुढे बरीच वर्षे येत राहिली. मग एके दिवशी आली नाही. मामाही निवृत्त झाले. आता सारे आवाज यंत्रातून निघतात, आणि मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांना टेकून उभे आहे. कडी गंजली आहे. माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुम्हीही कधीतरी गोष्ट लिहाल. तुमच्या गोष्टीत कोणी दार वाजवील : पत्र देणारा, पत्ता विचारणारी, वाट चुकलेला म्हातारा. त्याला नुसता निरोप्या समजू नका. तो हातातले काम टाकून आला आहे. आणि एक विनंती आहे. तुमच्या नायकाला कितीही मोठे दुःख असो, त्याला एकदा तरी जागेवरून उठवा, चालत पाठवा, आणि ते दार त्याच्याच हाताने आतून उघडू द्या.