नंदाबाईंच्या डोक्यातल्या उवा

भोकरदनच्या मिशन बोर्डिंगात प्रवेश चालू होते. वॉर्डन म्हणून अर्पिता त्रिभुवनचं ते पहिलंच वर्ष. दुपारी एक बाई मुलीला घेऊन टेबलापाशी आली आणि अर्जावरचं आईचं नाव वाचून अर्पिताचा पेन थांबला. बेबीनंदा. गाव धावडा.

"ओळखलं न्हाई व्हय, ताई?"

ओळखलं होतं. म्हणूनच तिला चटकन वर बघवेना.

पंचवीस वर्षांपूर्वी अर्पिता इथेच दहावीला होती, साठ मुलींची मॉनिटर. काय दिवस होते ते! शाळा सुटली की हौदावर उडणारी झुंबड, चुलीवरच्या भाकरीचा वास, दिवेलागणीला प्रार्थनेसाठी ओळीने मांडलेल्या सतरंज्या. शुभवर्तमान वाचायचं काम अर्पिताचं, कारण तिचा आवाज खणखणीत. तेव्हाच्या वॉर्डन नंदाबाई अमोलिक मात्र तिला फार मऊ वाटायच्या. कधी कुणावर ओरडणं नाही. मुली उठायच्या आत स्वतःच पाणी भरतील, धाकट्यांच्या वेण्या घालतील. बाईंचा धाक असा नाहीच, बोर्डिंग चालतंय ते आपल्यामुळे, अशी अर्पिताची पक्की समजूत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर बेबीनंदा पाचवीत आली. आईबाप ऊसतोडीला घनसावंगीकडे गेलेले. पोरीच्या डोक्यात उवा बुजबुजलेल्या, खाजवून खाजवून खपल्या धरलेल्या. शेजारच्या मुली कुरकुरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी अर्पिताने तिची वळकटी उचलली आणि व्हरांड्यात नेऊन टाकली.

"इथंच झोपायचं. डोकं साफ झालं की मग आत."

पोर वळकटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

त्याच संध्याकाळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो भाग अर्पिताने वाचला. एका शब्दावर अडखळली नाही. नंदाबाई ऐकत होत्या. त्यांनी अर्पिताला काही म्हटलं नाही, फक्त आपलं अंथरूण बेबीनंदाच्या शेजारी नेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की नंदाबाई पायरीवर बसायच्या. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने पोरीचं डोकं धुवायचं, खपल्यांना तेल लावायचं, मग फणी. रोज तासभर. कधी ती मांडीवरच झोपून जायची, तर पायाला मुंग्या आल्या तरी बाई हलायच्या नाहीत. पंधरा-वीस दिवसांत खपल्या गळाल्या आणि पोरगी दुसऱ्या मुलींबरोबर लगोरी खेळायला लागली.

मग एका शनिवारी नंदाबाईंनी हाक मारली.

"अर्पिता, इकडं ये गं. माझं डोकं बघ जरा. सारखं खाजून राह्यलंय."

सगळ्या मुलींसमोर त्या खालच्या पायरीवर बसल्या, अंबाडा सोडला आणि फणी मागे धरली. अर्पिताचा हात पुढे होईना. विरळ, करड्या केसांतून उवा चालताना तिला उभ्या जागेवरून दिसत होत्या. पन्नाशीची बाई, पोरीसोरींसमोर मान खाली घालून बसलेली.

"बाई, तुम्हालाही उवा होतील हे माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं की," नंदाबाई मान न वळवता म्हणाल्या. "पण लांबून फणी चालत न्हाई, पोरी."

अर्पिताचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना, तरी ती वरच्या पायरीवर बसली आणि फणी फिरवत राहिली. उठल्यावर कुणाला हुकूम सोडला नाही. व्हरांड्यातली बेबीनंदाची वळकटी तिने स्वतः आत आणली आणि आपल्या अंथरुणाला लागून पसरली.

नंदाबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

"बेबीनंदा," अर्पिता म्हणाली, "तुला बाहेर मी काढलं होतं. कधी माफी मागितली नाही. आज मागते."

बेबीनंदा हसली. "त्या रात्री मी लई रडले बगा. मंग नंदाबाई म्हणल्या, अर्पितावर रुसू नको, ती अजून शिकून राह्यली. मी इचारलं, दहावीची पोरगी, सगळ्यात पयला नंबर, अजून काय शिकून राह्यली?"

"मग?"

"मंग काय, त्या बी हसल्या. म्हणल्या, माझं तरी कुठं झालंय अजून?"

दोघी हसल्या. बाईंनी चारचौघांत आपला पाणउतारा केला नाही, एवढंच अर्पिता आजवर जाणत होती. पण ज्या पोरीला आपण बाहेर काढलं, तिच्यासमोरही बाईंनी आपली बाजू सांभाळली होती.

"माझी साडेतीनची गाडी हाये, ताई. पोरीला सांबाळा. लाजाळू हाये ती."

मुलगी आईच्या पदराआड गेली होती. अर्पिता खुर्चीवरून उठली, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि अर्जावर नाव लिहिलेलं असूनही तिने विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

"शीतल," मुलगी पुटपुटली.