जोडीची रजा

चादरीची दोन टोकं भोंग्याच्या हातातून सुटली आणि नुकतीच वाळून आलेली पांढरी चादर फरशीवर पसरली. उरलेली दोन टोकं धरून मावशी पलीकडे तशीच उभी राहिली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादर जमिनीला लागली की ती पुन्हा पहिल्यापासून धुवायची, असा नियम. म्हणून मावशीने आधी चादरीकडे पाहिलं आणि मग भोंग्याकडे. भोंगा मात्र हातातल्या फोनकडे डोळे फाडून बघत होती.

"येतायत," ती म्हणाली. "मावशी, आपल्या इथे येतायत."

"कोण? तपासणीवाले?"

"तिसरा मजला येतायत. शनिवारी. मोठ्या मैदानावर."

मावशीने चादर गोळा करून मळक्या कपड्यांच्या गाड्यात टाकली आणि दुसरी उचलली. भोंग्याच्या हातात त्या दिवशी कुठलीच चादर धड राहिली नाही.

भोंगा हे अर्थातच त्या मुलीचं खरं नाव नव्हे. कामावर आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने धुण्याच्या यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून गायला सुरुवात केली, आणि यंत्रांवरच्या दादाने तिचं नामकरण करून टाकलं. तिनेही ते कौतुकानं मिरवलं. घरी भाऊ, वहिनी आणि त्यांचं तान्हं बाळ अशा दीड खोलीत तिला गाणं ऐकायचं तर उशीत तोंड खुपसून ऐकावं लागे. तळघरातला हा धुलाईखाना म्हणजे तिला मोकळं रान मिळालं होतं. वाफ, साबणाचा वास, ओल्या कापडांचे ढीग, आणि फळीवर ठेवलेला तिचा छोटा स्पीकर.

तिसरा मजला हा चार जणांचा बँड. त्यांचे अल्बम तीनच, पण भोंग्याला विचारलं तर जगात संगीत तेवढंच होतं. कुणी सहज 'काय ऐकतेस?' असं विचारलं की त्याची बस चुकलीच म्हणून समजा. आणि ती नुसती ऐकत नसे, कामाला जुंपत असे. उशांच्या अभ्र्यांना दुसरा अल्बम, 'उलटी छत्री'. त्यात सगळा धांगडधिंगा, हात आपोआप चालतात. शस्त्रक्रियेच्या हिरव्या कापडांना तिसरा, 'शेजारचा रेडिओ', कारण ती कापडं उजेडासमोर धरून भोकं शोधावी लागतात आणि त्याला शांत डोकं लागतं. आणि चादरींना पहिला, तिचा सगळ्यांत लाडका, 'गच्ची'.

चादर एकट्याने घडी करायची वस्तू नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टोकं ताणून चादर झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, एक आपली टोकं दुसरीच्या हातात देते, खाली वाकून मधली घडी उचलते, पुन्हा मागे जाते. असं दिवसभर. 'गच्ची'तल्या गाण्यांची चाल या येण्याजाण्याला अशी काही बसली होती, की धृपद आलं की पावलं आपसूक पुढे पडायची.

मावशीला आधी हे अजिबात पसंत नव्हतं. भोंग्याच्या जन्माआधीपासून ती इथे घड्या घालत होती, तेही कुठल्याही गाण्याशिवाय. भांडी पडल्यासारखं काय लावलंयस, असं ती रोज म्हणायची. मग एक दिवस स्पीकर बिघडला, आणि दुपारपर्यंत कळ काढून मावशीच म्हणाली, "ते दाराचं गाणं तरी तोंडाने म्हण की." त्या दिवशी भोंग्याने तिला मनातल्या मनात मिठी मारली. प्रत्यक्ष मारली असती तर मावशीने ओल्या अभ्र्याने हाणलं असतं.

दाराचं गाणं म्हणजे 'गच्ची'तलं शेवटचं. 'दार लोटून घे, कडी नको लावू' असं त्याचं धृपद. साधं, संथ, एका गिटारवरचं. पण हे गाणं त्यांनी कधीच रंगमंचावर म्हटलं नव्हतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. भोंग्याने त्यांचे दोन कार्यक्रम पाहिले होते. पहिला एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्‌घाटनाला, जिथे माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तिथे ड्रमवाल्याने आवराआवर करताना तिला एक स्टँड धरायला दिला, आणि तो धरलेला हात तिने दुसऱ्या दिवशीपर्यंत धुतला नाही. धुलाईखान्यात नोकरी करून हात न धुणं किती अवघड असतं, हे ती अजून रंगवून सांगे. दुसऱ्या वेळी ती मैत्रिणीबरोबर बसने दुसऱ्या गावी गेली, रेटारेटी करत थेट कठड्याला जाऊन चिकटली आणि इतकी ओरडली की घसा पार बसला. पुढचे काही दिवस धुलाईखान्यात शांतता होती. या बँडने दर आठवड्याला कार्यक्रम करावा, असं दादाचं मत पडलं.

दोन्ही वेळा ती दाराच्या गाण्यासाठी शेवटपर्यंत थांबली होती. दोन्ही वेळा दिवे लागले आणि लोक घरी गेले.

आता मात्र फोनवर स्पष्ट लिहिलं होतं, की शनिवारी 'गच्ची' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवणार. म्हणजे ते म्हणावंच लागणार. भोंग्याने त्याच क्षणी तिकीट काढलं आणि मग तिच्या लक्षात आलं की शनिवारी तिची दुपारपाळी आहे.

रजा मिळाली असती. अडचण वेगळीच होती. जोडीतली एक गेली की दुसरी रिकामी बसत नाही, तिला इस्त्रीच्या गरम रोलरवर पाठवतात. तिथे ओली कापडं ताणून आत सरकवायची असतात, आणि मावशीच्या मनगटांना ते झेपत नव्हतं. मागच्या वेळी भोंगा दुसऱ्या गावी गेली, तेव्हा मावशीने तो दिवस रोलरवर काढला होता. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, पण नंतर बरेच दिवस डब्याचं झाकण तिला उघडता येत नव्हतं आणि ती ते भोंग्यापुढे सरकवायची. कशामुळे, ते भोंग्याला दादाकडून कळलं.

शिवाय मावशीचे थोडेच दिवस राहिले होते. महिनाअखेरीस घडी घालणारं यंत्र येणार होतं. त्याला जोडी लागत नाही, नुसतं समोर एक माणूस लागतं. मावशी लेकीकडे जाणार होती, बस बदलून जावं लागतं इतक्या लांब. या विषयावर दोघी बोलत नसत. यंत्राची खोकी ठेवायला मुकादमाने कोपरा रिकामा केला, तेव्हाही त्यांनी तिकडे पाठ करून घड्या घातल्या होत्या.

बुधवारी भोंग्याने सांगून टाकलं की ती जाणार नाही. गाणं काय, फोनवरही ऐकता येतं, असं ती म्हणाली. हे इतकं धडधडीत खोटं होतं की मावशीने हातातली टोकं खाली केली.

"तिकीट काढलंयस ना?"

"विकून टाकते."

"अजून एक काढ."

मग मावशी पदर खोचून मुकादमाच्या टेबलापाशी गेली. मुकादम माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला हो म्हणायची सवय नव्हती. रजा कुणाला हवी, असं त्याने विचारलं. जोडीला, असं मावशीने सांगितलं. एकीला दिली तर दुसरी रोलरवर जाते, मग दोघींनाच द्या, म्हणजे कुणाला कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. मुकादम म्हणाला, मग वॉर्डातल्या चादरींना घड्या मी घालू का? मावशी म्हणाली, आम्ही सकाळपाळीला येतो, शनिवारचा सगळा माल हातावेगळा करतो आणि मग जातो. सगळा माल सकाळच्या सकाळी कुणीच उरकला नव्हता. मुकादमाला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो हो म्हणाला.

परत आल्यावर भोंग्याच्या डोळ्यांत पाणी बघून मावशी वैतागली.

"उगाच गळा काढू नकोस. मी काही त्या पोरांसाठी येत नाहीये. तू एकटी गेलीस की घसा घालवून येणार, आणि माझे उरलेले दिवस मुकीबरोबर जायचे."

शनिवारी सकाळी भोंग्याने स्वतःचाच नियम मोडला आणि चादरींना 'उलटी छत्री' लावली. गाणं पळायला लागलं तशा दोघी पळायला लागल्या. झटका, पुढे, टोकं, वाक, मागे. दादा वाळवणीच्या यंत्रातून चादरी काढायचा त्या गरमागरम त्यांच्या अंगावर येऊन पडत. धापा टाकत असतानाही भोंगा गात होती, आणि मावशी तिला वेड्यांचा बाजार म्हणत होती, पण थांबत नव्हती. शेवटी शेवटी तर मुकादमाला राहवेना. तो उठला, घड्यांचे गठ्ठे उचलून स्वतः गाड्यावर रचायला लागला, आणि दोन गठ्ठे वाकडे ठेवल्याबद्दल मावशीची बोलणी खाल्ली. शेवटची चादर झाली तेव्हा सगळ्या तळघराने टाळ्या वाजवल्या. मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं, ते कानाला लावून बघितलं, आणि मुकाट्याने दोघींना सोडलं.

मैदान फुलून गेलं होतं. मावशी ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातात डबा होता. आत डबा न्यायचा नाही म्हणाल्यावर तिने तो दारातच उघडला आणि पहाऱ्यावरच्या मुलाला अर्धा खायला लावला. भोंग्याला पुढे कठड्यापर्यंत घुसायचं होतं, पण मावशीकडे बघून ती मधे थांबली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. दिवे मालवले, ड्रमवर पहिला ठोका पडला, तो तिच्या छातीत वाजला. मावशीने तिचा दंड धरला.

'गच्ची' सुरू झाली. दोघी सवयीने चादरीच्या अंतरावर समोरासमोर झाल्या होत्या. पहिलं धृपद आलं आणि भोंगा हात पुढे करून चालायला लागली. समोरून मावशीही आली. दोघींच्या मधे एक चष्मेवाला तरुण होता, तो चांगलाच दाबला गेला. त्याच्या हातातलं सरबत त्याच्याच शर्टावर सांडलं. भोंग्याने माफी मागितली. पुढच्या धृपदाला पुन्हा तेच झालं. पाय ऐकेनातच. तिसऱ्या वेळेला त्याने हात जोडून विचारलं की हा काय प्रकार आहे.

"चादर आहे," मावशी म्हणाली. "मधे उभा राहू नकोस, टोक धर."

त्याने खरंच टोक धरलं. नसलेल्या चादरीचं टोक धरून तो झटकायला शिकला, पुढे यायला शिकला. मग त्याच्या बहिणीला शिकायचं होतं. मग पलीकडच्या चौघांना. मावशी एकेकाला ओरडत होती, अरे ताणून धर, सैल सोडलीस की सुरकुती पडते. बघता बघता मैदानाच्या मधोमध माणसांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक धृपदाला पुढे येऊन, टोकं देऊन, वाकून मागे जायला लागल्या. रंगमंचावरून गिटारवाल्याला ते दिसलं असावं, कारण तो वाजवता वाजवता हसायला लागला आणि त्याने ते धृपद एकदा जास्तीचं घेतलं. भोंगा इतकी आनंदात होती की तिला रडू येत होतं, आणि तिने ते येऊ दिलं.

मग सगळं थांबलं. तिघं जण आत गेले. गाणारा एकटाच गिटार घेऊन पुढे आला, स्टुलावर बसला. पहिला सूर वाजताच मैदानाने श्वास रोखला.

भोंग्याने या घटकेसाठी काय काय ठरवून ठेवलं होतं. डोळे मिटून घ्यायचे, पूर्ण गळ्याने म्हणायचं, एकही शब्द सोडायचा नाही. तिने छाती भरून घेतली. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

मावशी गात होती. इतक्या वर्षांत मावशी कधी गुणगुणलीसुद्धा नव्हती. आवाज जाड, कोरडा, सुराशी काही देणंघेणं नाही. आणि ती मागे होती. गाणारा ओळ म्हणायचा, ती पुरती ऐकून मगच मावशी म्हणायची, कारण समोरच्याने टोकं हातात दिल्याशिवाय आपण पुढचं करायचं नाही, ही तिची जन्माची सवय. पण शब्द एकही चुकत नव्हता. आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले. तिला झाकायला आपण मोठ्याने म्हणावं, असं भोंग्याच्या मनात आलं. मग तिने तोंड मिटलं.

पुढे कितीतरी जणांनी तिला विचारलं, की त्याने ते गाणं प्रत्यक्षात कसं म्हटलं, अल्बमसारखंच की वेगळं. तिला सांगता आलं नाही. तिने ऐकलं होतं ते मावशीचं. मावशी समोर बघत होती, दोन्ही हात पोटाशी धरलेले, ठेवणीतल्या साडीचा पदर मुठीत, आणि घाई न करता एकेक ओळ म्हणत होती. भोंग्याला वाटलं, हे आता संपू नये. पण गाणं लहानच होतं.

गाणाऱ्याने शेवटची ओळ म्हटली आणि गिटारवर हात ठेवून आवाज बंद केला. मावशीची ओळ अजून राहिली होती. त्या एवढ्या मोठ्या शांततेत ती आपल्या जाड आवाजात म्हणाली, दार लोटून घे, कडी नको लावू. टाळ्यांसाठी वर गेलेले चष्मेवाल्याचे हात तिचं होईपर्यंत तसेच थांबले. गाणाराही स्टुलावरून उठला नव्हता. ओळ पुरी झाली, मावशीने पदर सोडून नीट केला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या.