चिकटपट्टीखालचा सूर

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. आवाज भरून ठेवणारे यंत्र नव्हे, तोंडाने फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य. काताऱ्याने, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराने, मला तीन तुकड्यांत घडवले. शेवटचा तुकडा त्याने फिरता ठेवला होता, ज्याचे बोट जिथवर पुरेल तसा वळवता यावा म्हणून.

मी बिट्टीच्या हाती आलो. बिट्टी म्हणजे वर्गातली सर्वांत लहानखुरी मुलगी. मुले माझ्या भावंडांचे तुकडे पिळत बसत, हरवत. म्हणून वाद्य शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या सांध्यांवर चिकटपट्टी गुंडाळून टाकली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण आता माझा शेवटचा तुकडा वळेना आणि बिट्टीची करंगळी त्यावरच्या छिद्रापर्यंत पोचेना.

तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. ती रोज त्यांच्या उशाशी बसून वाजवी. सगळी धून छान जाई आणि शेवटचा खालचा सूर आला की मी चीं करून ओरडे. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

"लागेल गं," बाबा हसून म्हणत. "लागला की आधी मला ऐकव. मी काही कुठे पळून जात नाही."

शाळेत रेकॉर्डरवादनाचा सोहळा ठरला. आदल्या दिवशी बाई बिट्टीला जवळ घेऊन म्हणाल्या, "उद्या तू नुसतं तोंडाला लाव हं राणी. फुंकू नकोस."

सोहळ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्यात मात्र एक श्वासही आला नव्हता. घरी बाबांनी विचारले, "कसं झालं?" "छान," एवढेच म्हणून बिट्टीने मला खणात टाकले. पुढे बाबा गेले, तरी मी खणातच होतो.

परवा घर रिकामे करताना मोठ्या झालेल्या बिट्टीने मला उचलले. वाळलेली पट्टी गळून पडली आणि माझा शेवटचा तुकडा तिच्या हातात सहज फिरला.

"अगं बाई, हा फिरतो?" ती स्वतःशीच म्हणाली. कितीतरी वेळ ती आपल्या करंगळीकडे पाहत राहिली. मग तिने ती धून वाजवली आणि शेवटचा सूर अगदी स्वच्छ लागला. सवयीने तिने मान वळवली. बाबांच्या पलंगाच्या जागी नुसती भिंत होती.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, अधूनमधून तेल लावा, हे तर सांगेनच. पण एखाद्या मुलाचा सूर लागत नसेल, तर त्याला गप्प बसवण्याआधी माझी पट्टी काढून पाहा. ऐकणारे माणूस घरात असेपर्यंत पाहा.