साहेबांनी पाइपाला लटकून दाखवलं

विमा कंपनीच्या त्या ऑफिसात त्याला सगळे होयबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. साहेबांनी खिडकीबाहेर बघत "आज उकडतंय" म्हटलं की हा रुमाल काढून कपाळ पुसायचा, आणि जरा वेळानं "गारठलं बुवा" म्हटलं की उठून पंखा बंद करायचा. या सेवेचं चीज झालं आणि त्याला बढती मिळाली. बढती मिळाली म्हणून पार्टी द्यायची ठरली. ठरवली साहेबांनीच.

"तुझ्या घरीच करू रे. हॉटेलात मोकळं वाटत नाही," साहेब म्हणाले, आणि होयबाला अगदी भरून आलं.

घर त्याचं नव्हतं, भाड्याचं होतं. खाली दातांचा दवाखाना आणि वर हे नवरा-बायको. दोन्ही मजले दातांच्या डॉक्टरबाईंचे. भाडेकरारावर दोघांच्याही सह्या होत्या. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे माणसं कितीही नटून आली तरी आत काय असतं याची तिला रोजची माहिती.

"किती जण येणार?" तिनं विचारलं.

"आठ-दहा. जवळचेच."

रविवारी दुपारी जवळचे आले, आणि त्यांनी आपापले जवळचे आणले. चपला-बुटांचा ढीग जिन्यावरून खाली दवाखान्याच्या दारापर्यंत ओघळला. कुणीतरी छोट्या कपाटाएवढा स्पीकर घेऊन आला होता. सोफ्यावर बसायला जागा नाही म्हणून लोक सोफ्याच्या पाठीवर बसले, आणि पाठ मोडली तेव्हा पुन्हा सोफ्यावर बसले. शेजारच्या आजोबांनी दार वाजवून "जरा आवाज कमी कराल का?" म्हणून विचारलं, तर त्यांच्याही हातात ग्लास देण्यात आला. आजोबा ग्लास उंबऱ्यावर ठेवून निघून गेले.

बायकोनं होयबाला स्वयंपाकघरात ओढलं. "हे हाताबाहेर चाललंय. सांग ना काहीतरी."

"साहेब किती खुशीत आहेत बघ तरी!" होयबा म्हणाला.

साहेब खरंच खुशीत होते. घोळक्यात ते आपल्या तरुणपणाच्या व्यायामाच्या गोष्टी सांगत होते. सांगता सांगता त्यांची नजर हॉलला लागून असलेल्या धुण्याच्या जागेकडे गेली. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, डोक्याच्या वर, पाण्याचा पाइप होता. साहेबांनी कोट काढून होयबाच्या हातात दिला. "बघा हं. हल्लीच्या पोरांना जमणार नाही."

बायको म्हणाली, "अहो, तो पाण्याचा पाइप आहे, जपून."

"साहेबांना कळतं गं!" होयबा म्हणाला. आणि साहेब लटकले. साहेबांचं वजन हे नुसतं ऑफिसातलं वजन नव्हतं. पाय हवेत उचलले गेले, हनुवटी पाइपाच्या दिशेनं निघाली, सगळ्यांनी मोबाइल वर धरले, आणि होयबा कोट छातीशी धरून मोठ्यानं मोजू लागला. दुसऱ्या खेपेलाच भिंतीतला जोड कडकन तुटला. साहेब बुडावर, पाइप साहेबांवर आणि पाणी सगळ्यांवर.

मंडळी टाळ्या वाजवतच राहिली. साहेबांचा खेळ संपला की हाही त्याचाच भाग आहे, हे कुणाला कळेना. साहेबांनी चेहरा पुसला, आजूबाजूला बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "रेन डान्स!" मग काय, अख्खा विभाग पाण्यात नाचू लागला. होयबाही नाचला. साहेब नाचत असताना नळ बंद करायला जाणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. शेवटी त्याची बायको गच्चीवर धावली आणि तिनं टाकीचा व्हॉल्व बंद केला. तोवर हॉलमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं, आणि खाली काहीतरी धप्पकन कोसळल्याचा आवाज आला.

दवाखान्याचं छत रुग्णाच्या खुर्चीवर आलं होतं. नशिबानं रविवार होता, खुर्चीत कुणी आ वासून बसलेलं नव्हतं. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. पाहुण्यांना एव्हाना आपापली घरं आठवली होती. जिन्यावरचा चपलांचा ढीग बघता बघता विरघळला.

"कुणी केलं हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

होयबानं साहेबांपुढे कोट धरला; नाचतानाही त्यानं तो कोरडा ठेवला होता. साहेब ओल्या शर्टावर तो चढवून डॉक्टरबाईंच्या बाजूनंच बाहेर पडले. जाताना "फार वाईट झालं हो," असं म्हणायला विसरले नाहीत.

सोमवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. विम्याचे दावे नाकारण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्याचं घर जळालं त्याला ते 'घर जळण्याजोगं होतं हे आधी का कळवलं नाही?' असं विचारू शकत.

"पाइप सडका होता," साहेब म्हणाले. "सडका पाइप म्हणजे घरमालकाचा निष्काळजीपणा. उलट मला लागलंय. मी दावा लावत नाही, हे त्या बाईंना सांग."

होयबानं ते जसंच्या तसं डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्या भिजलेल्या खुर्चीचे सुटे भाग पुसत होत्या.

"पाइप तुमच्याच तक्रारीवरून मी या उन्हाळ्यात बदलून घेतलाय," त्या म्हणाल्या. "आठवतंय? तो बसवत होते तेव्हा तुम्ही शिडी धरली होती."

होयबाच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी तो बायकोला घेऊन आपल्या वकील मामेभावाकडे गेला. मामेभावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घर तुमच्या ताब्यात, पाहुणे तुमचे. त्यांनी केलेलं नुकसान घरमालकिणीला तुम्हीच भरून द्यायचं. ती कशाला एकेका पाहुण्यामागे धावेल?"

"पण मी काहीच मोडलं नाही रे!"

"मग ज्यानं मोडलं त्याच्याकडून तुम्ही मागून घ्या. त्याला नोटीस पाठवा."

"साहेबांना नोटीस?"

"पाइपाला आणखी कुणी लटकलं होतं का?"

बायकोनं मोबाइल पुढे केला. ऑफिसच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ साहेबांच्या हुकमावरून पुसले गेले होते, पण तिनं स्वतः काढलेला तिच्याकडे होता. मामेभावानं तो बघितला आणि भुवया उंचावल्या. "हा मोजणारा आवाज तुझा? वा! म्हणजे थांबवलं तर नाहीसच, वर चढवलंस. कोर्टात हे फार गोड वाटेल. पुढे हा नाचतोय तोही तूच ना?"

होयबानं मोबाइल उलटा करून ठेवला.

मामेभावानं नोटीस लिहून दिली. पोस्टानं पाठव म्हणाला. पण साहेबांना पोस्टानं पाठवणं होयबाच्या जिवावर आलं. तो ती हातानंच केबिनमध्ये घेऊन गेला. साहेबांनी चष्मा लावून ती नीट वाचली.

"भाषा छान आहे. फक्त 'बेजबाबदारपणे' खटकतं. 'अनवधानानं' कर."

होयबानं तिथल्या तिथे केलं.

"आणि 'लटकले' कशाला? 'हात टेकवला' पुरे."

तेही केलं. साहेबांनी कागद पुन्हा वाचला. "आता बघ, अनवधानानं हात टेकवला आणि पाइप निसटला. हा झाला अपघात. यात मी भरून द्यावं असं काही दिसत नाही. तुला दिसतं?"

"नाही साहेब," म्हणत होयबा बाहेर आला. घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं, तेही काहीशा कौतुकानं. साहेबांचं डोकं म्हणजे डोकं!

बायकोनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, लॅबमध्ये संशयास्पद नमुन्याकडे पाहते तसं. "नाचलास तू आणि भरायचं मी पण, का? करारावर माझीही सही आहे," ती म्हणाली. तिनं मूळ नोटीस पुन्हा छापून घेतली, खाली स्वतःची सही केली आणि साहेबांच्या घरच्या पत्त्यावर पाठवली. सोबत पेनड्राइव्हवर व्हिडिओही.

तो लखोटा साहेबांच्या बायकोनं फोडला. दोनच दिवसांत त्या स्वतः आल्या. तुटका जोड बघितला, दवाखान्यात जाऊन उघडं पडलेलं छत बघितलं. "घरात बल्ब बदलायचा तर यांची कंबर धरते," एवढंच म्हणाल्या. छत, पाइप, खुर्ची, सगळी भरपाई त्यांच्याकडून आली. मोडका सोफा मात्र कुणी मोडला ते व्हिडिओत नव्हतं, तो होयबाच्या गळ्यात पडला.

ऑफिसात साहेब या विषयावर एक चकार शब्द बोलले नाहीत. होयबाचं टेबल मात्र केबिनसमोरून उठलं आणि जुन्या फायलींच्या खोलीत गेलं. तिथे पंखाच नव्हता.

करार संपत आला तशी डॉक्टरबाईंनी बायकोला खाली बोलावलं. "घर देईन," त्या म्हणाल्या, "पण या वेळी करार फक्त तुमच्या नावानं." बायको खूश झाली. होयबा तिच्या मागे पिशवी धरून उभा होता. तिनं पेन उघडलं, आणि वाचता वाचता एका ओळीपाशी थांबली. भाडेकरूसोबत राहणाऱ्या व्यक्तींनी केलेल्या सर्व नुकसानीस भाडेकरू जबाबदार राहील, असं तिथे लिहिलं होतं.

तिनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला विचार करायला थोडा वेळ द्याल का?"