तीनशे बारा बुरश्या आणि एक भिंत

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफोंटेनच्या प्रयोगशाळेत केनेउओ दोन वर्षं एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. औषधाच्या रेणूला चिकटलेली नको ती साखर अलगद तोडणारं एन्झाइम कुठल्यातरी बुरशीत सापडेलच, असा तिचा हट्ट. त्यासाठी तिने एक प्रोब, म्हणजे एन्झाइम हुडकणारं रसायनही बनवलं होतं. धडधाकट एन्झाइम भेटलं, तरच तो त्याला चिकटायचा आणि निळ्या दिव्याखाली हिरवा चमकायचा.

प्रोफेसर टेरब्लान्श यांनी लेसोथोचे डोंगर पालथे घालून तीनशे बारा बुरश्या आणल्या. एकही चमकली नाही.

"तुझा प्रोबच आंधळा दिसतोय," प्रोफेसर म्हणाले.

केनेउओ तणतणत थंड खोलीत गेली. तिथल्या भिंतीवर काळी बुरशी माजली होती आणि देखभाल खात्याकडे तिच्या सात तक्रारी पडून होत्या. आठवीला पुरावा जोडावा म्हणून तिने चिमूटभर बुरशी खरवडली आणि रागाच्या भरात अर्धीवर प्रोब ओतून ती निळ्या दिव्याखाली धरली.

हिरवंगार! तिचा विश्वास बसेना. उरलेली अर्धी तिने उकळली आणि तिच्यावरही प्रोब ओतला. उकळलं की एन्झाइम मरतं. या वेळी काहीच चमकलं नाही, म्हणजे मघाचं खरं होतं. पण नमुना संपला होता.

ती धावत परत गेली, तर देखभाल खात्याचे मोएकेत्सी बादली घेऊन उभे; सगळे त्यांना आदराने 'न्ताते', म्हणजे बाबा, म्हणत. भिंत पांढरीफटक, खोलीभर ब्लीचचा वास.

"बघा डॉक्टरबाई! आता तरी आमच्या नावाने बोटं मोडू नका."

केनेउओला रडूच कोसळलं.

"रडताय कशाला? एवढा आनंद झाला?"

"न्ताते, मला ती बुरशी हवी होती हो!"

मोएकेत्सींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दोन वर्षं नको नको म्हणून डोकं खाल्लंत, आणि आज हवी? चला. माझ्या टेबलावरच्या छताला हीच आहे. आमची तक्रार कोण ऐकतं?"

छतावरची बुरशी भिंतीवरच्यापेक्षा जास्त चमकली. केनेउओने ती वाढवली, आणि वर्षभरात तिच्या एन्झाइमने साखर बिनबोभाट तोडून दाखवली.

परिषदेत प्रोफेसर टेरब्लान्श गंभीर आवाजात म्हणाले, "अत्यंत दुर्मीळ अधिवासातून, खडतर शोधानंतर..."

केनेउओने आग्रह करून बोलावलेले मोएकेत्सी कोट घालून शेजारीच बसले होते. ते तिच्या कानाशी वाकले.

"दुर्मीळ? त्यांना म्हणावं, एकदा कँटीनच्या मोरीत डोकावा."