गालावरचा ठिपका

क्लाराने दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा, इतका की मोबाईलवर चिमणीचा नुसता गालच उरला. गाल पांढरा होता आणि त्यावर मधोमध काळा ठिपका होता.

"कुणाचा फोटो, आंटी?" शेजारच्या मीनाक्षीने गॅलरीतूनच विचारलं. फणसवाडीत एकाचा फोन वाजला की बाजूच्या दोन घरांना कळतं.

"वॉरेनने पाठवलाय. सिंगापूरला त्याच्या खिडकीत चिमणी आली."

मीनाक्षीने चष्मा न लावताच डोकावून पाहिलं. "अय्या, सेम आपलीच की! आता तिकडे न जायला काय कारण सांगणार तुम्ही?"

कारण क्लाराने आधीच सांगून ठेवलं होतं, तेच तर आता नडत होतं. नवरा ऑस्वाल्ड गेल्यापासून दर नाताळात वॉरेन विचारायचा, ममा, इकडे ये ना राहायला. आणि ती दर नाताळात आढेवेढे घ्यायची. जायचं तर तिला होतंच, पण लेकाने आणखी एकदा विचारावं, यात मोठं सुख होतं. गेल्या नाताळात मात्र तिने जरा जास्तच ताणलं. "माझ्या चिमण्या आहेत का तिथे? असल्या तर येते," असं म्हणून बसली. ईस्टर गेला, तिचा वाढदिवस गेला, दर रविवारी फोन आले, पण तो प्रश्न काही आला नाही. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ खुर्चीतून उठत नसे. लेकाशिवाय तिला करमत नव्हतं, आणि हे सांगायला तोंड तिनेच बंद करून घेतलं होतं.

चिमण्यांचं वेड खरं ऑस्वाल्डचं. तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकून होता. तिथल्या उरल्यासुरल्या फळ्या आणून त्याने गॅलरीत चिमण्यांसाठी खोका ठोकला होता. रविवारी चर्चमधल्या मिसाहून आलं की जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन तो मायलेकांना समोर बसवायचा. दोन चिमण्या दिसायला सख्ख्या बहिणी, पण जात वेगळी. आपल्याकडच्या नराचं डोकं राखाडी, मादी साधी मातकट. दुसरीचं डोकं सगळं तपकिरी, गालावर ठिपका, आणि नर कुठला, मादी कुठली, काही कळायचं नाही. "आधी गाल बघायचा, मग नाव घ्यायचं," हा त्याचा नियम. सात वर्षांचा वॉरेन तेव्हा अर्धा वेळ पेंगत असायचा. क्लाराने मात्र तो नियम चाळीस वर्षं पाळला. कुणी पाखराचं नाव चुकवलं तर ती चर्चच्या फादरनाही सोडत नसे.

फोन वाजला. मीनाक्षी उगाचच कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागली.

"ममा, फोटो बघितलास?"

"बघितला."

"तीन आठवडे तांदूळ टाकतोय खिडकीत. ऑफिसला लेट होतो रोज. आज बसली एकदाची." मग हळूच म्हणाला, "तीच ना? आपली?"

खोक्यावर नर येऊन बसला होता, राखाडी डोक्याचा. क्लाराने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"तीच."

तिने फोन कानाला घट्ट दाबला.

"नक्की ना, ममा?" वॉरेनने विचारलं. "गाल बघितलास?"

क्लारा खुर्चीत बसली. म्हणजे पोरगा तेव्हा पेंगत नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि मीनाक्षीला दिसू नयेत म्हणून ती उगाच भिंतीकडे बघत राहिली.

"बघितला रे," ती म्हणाली. "नीट बघितला."

"मग तिकीट काढू?"

"काढ. आणि तांदूळ नको टाकूस. त्या जातीला—" तिने जीभ चावली. "आपल्या चिमण्यांना बाजरी आवडते."

वॉरेन हसला, अगदी बापासारखा, नाकातून. मीनाक्षीने काही न विचारता गॅलरीतला चिमण्यांच्या बाजरीचा डबा उचलला आणि आपल्या घरात नेऊन ठेवला.