साहेबाच्या फळाची अकरा रोपं

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं ते उखाण्यात. मी इथं सरळ घेते, कारण त्या वर्षी मला त्यांचा धाक म्हणून उरला नाही. यज्ञेश्वरपंत. सरकारी फडावर, म्हणजे दफ्तरात कारकून, वय चाळीस, शनिवार पेठेत घर. अक्कल होती म्हणतात, पण ती बहुधा फडावरच ठेवून घरी येत असावेत.

संगमावर इंग्रज साहेबाची कोठी झाल्यापासून पेठेतल्या निम्म्या शहाण्यांना साहेबाचं वेड लागलं होतं. त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण त्याच्या बागेतलं काहीतरी आपल्या परसात हवं. आमच्या यांनी तिथल्या माळ्याच्या चार दिवस मिनतवाऱ्या करून इष्टाबेरीची अकरा रोपं आणली. फळ म्हणे लालभडक, बोराएवढं, अंगावर बारीक बिया.

हौस बागेची नव्हतीच. लग्नाला बारा वर्षं झाली तरी आमच्याकडे पाळणा हलला नव्हता आणि यांना दुसरी बायको करायची होती. दीनानाथपंत कारभाऱ्यांची कुसुम हेरून ठेवलेली, नऊ वर्षांची. कारभारी पक्के. म्हणाले, "संगमावर आपली ऊठबस आहे म्हणता, तर साहेबाचं ते फळ एकदा आपल्या घरी दाखवा. मग पुढचं बोलू." म्हणजे फळ धरलं की सवत घरात, आणि मी माहेरी लोणीला, भावजयीच्या चुलीपुढं. हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्यासमोरच बोलत होते, मी घरातली उतरंड असल्यासारखे.

परसाचं काम बिबवेवाडीचा सोनबा बघायचा. संगमावरच्या माळ्यानं त्याला सगळं नीट सांगून पाठवलं होतं. तो यांना म्हणाला, "पंत, ह्या रोपाला दोऱ्या फुटत्यात. दोरीच्या टोकाला पिल्लू धरतं. दोरी दिसली की खुडायची. रोप पिल्लं तरी पोशील न्हाईतर फळ तरी दील. दोन्ही न्हाई व्हायचं."

"खुडायची?" हे कडाडले. "ज्या घरात आधीच वंश नाही, तिथं कोवळी पिल्लं खुडायची? वाढू दे. या घरात कुणी तरी वंश वाढवतंय!" आणि माझ्याकडे पाहिलं.

सोनबानं मान खाली घातली. मला रडू आलं नाही, चीड आली. बारा वर्षं या माणसाची मर्जी सांभाळली याची लाज वाटली.

अकरातलं एक रोप यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं. कुंडीत गाभ्यासकट मातीत पुरलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. ते कुजायला लागलं, तसं उकिरड्यावर गेलं. मी ते उचललं आणि गोठ्यामागं फुटक्या घागरीत लावलं. सोनबानं दाखवलं तसा गाभा मातीच्या वर ठेवला, पाणी बुडाशी घातलं, खाली भाताचा पेंढा अंथरला. सकाळी गोगलगायी वेचायच्या आणि दोरी दिसली की नखानं खुडायची. एकही सोडली नाही.

यांची दहा रोपं माघापर्यंत सत्तेचाळीस झाली. रोज संध्येआधी मोजायचे आणि आल्यागेल्याला आकडा सांगायचे. फूल दिसेना, तर म्हणायचे, साहेबाचं झाड आहे, सावकाश फुलेल. शेजारी मान डोलवायचे आणि आपल्या परसात जाऊन हसायचे.

दीनानाथपंत आले त्या सकाळी माझ्या घागरीत सहा फळं पिकली होती.

कारभारी ओसरीवर टेकले. हे परसात धावत आले, घामाघूम झालेले. "अगं, एक तरी लागलं असेल बघ! एक चालेल! माझी अब्रू आहे!" बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढं हात जोडले, तेही सवत आणण्यासाठी.

"पाहते हं," मी म्हटलं.

गोठ्यामागं गेले आणि सहाच्या सहा फळं खाल्ली. आंबट होती. परसातल्या बोरीची बोरं बरी.

परत आले तेव्हा हे कारभाऱ्यांना कुंड्या दाखवत होते. दीनानाथपंतांनी सत्तेचाळीस रोपांवरून शांतपणे नजर फिरवली.

"पाला उत्तम आहे, यज्ञेश्वरपंत," ते म्हणाले. "शेळी पाळली आहे का आपण?"

विडासुद्धा न घेता ते निघून गेले. कुसुमचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यांची पाठ वळताच हे लालबुंद होऊन सोनबावर ओरडले, "उपट सगळी! इतके दिवस पोसली, एक फळ दिलं नाही! फेकून दे घराबाहेर!"

सोनबा कुंडीशी वाकला. माझ्या तोंडात अजून आंबट चव होती.

"अहो, असू द्या," मी म्हटलं. "फळ दिलं नाही म्हणून असं घराबाहेर काढतात का कुणी?"